फोकणी आणि टोकणी

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गांत टीकाशास्त्र शिकवितांना रेमंड विल्यम्सच्या 'प्रवाह' या संज्ञेपाशीं मी दरवर्षीं येऊन पोंचतों, आणि गेलीं कांहीं वर्षें तेथें पोंचलों कीं माझी थोडी तारांबळ उडते. दूरचित्रवाणीचा एखादा कार्यक्रम ही सुटी वस्तु नव्हे. एका कार्यक्रमांतून दुसऱ्यांत, त्यांतून जाहिरातींत, जाहिरातींतून उद्यांच्या कार्यक्रमाच्या आमंत्रणांत असा जो अखंड ओघ प्रेक्षकासमोरून वाहत असतो, तोच या माध्यमाचा खरा आकृतिबंध होय, असें विल्यम्सचें म्हणणें. पूर्वीं हें सांगतांच वर्गांतील माना डोलत. यंदा मात्र एका विद्यार्थिनीनें सरळ विचारलें, "पण सर, आपल्याला नको असलेला कार्यक्रम लोक पाहत तरी कशाला बसत?" वर्ग हंसला, मीहि हंसलों, आणि कांहीं तरी उत्तर देऊन पुढें गेलों. प्रश्न मात्र माझ्या मागोमाग घरीं आला. जिनें बहुतेक सर्व कांहीं मोबाइलवर, हवें तेव्हां व हवें तेवढेंच पाहिलें, तिला 'प्रवाह' हा शब्द एखाद्या दंतकथेसारखा वाटावा यांत तिचा दोष नाहीं. दोष असलाच तर तो जुनी संज्ञा नव्या स्थितीवर घासून न पाहतां तशीच पुढें चालविणाऱ्या आम्हां शिक्षकांचा आहे. म्हणून विल्यम्सचें तें लहानसें पुस्तक मीं पुन्हां एकवार आरंभापासून वाचून काढलें. प्रक्षेपण, इंटरनेट व मोबाइल यांची सांगड घालण्याचे जे प्रयत्न आज देशोदेशीं चालले आहेत, त्यांच्या उजेडांत तें पुस्तक कितपत टिकतें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

'टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म' हें पुस्तक १९७४ सालीं प्रसिद्ध झालें. वेल्सच्या सीमेवरील एका खेड्यांत, रेल्वेच्या सिग्नलवाल्याच्या घरीं १९२१ सालीं जन्मलेला हा लेखक तोंवर केंब्रिजचा नामवंत टीकाकार झाला होता. दूरचित्रवाणीकडे पाहून नाक मुरडणाऱ्या विद्वानांपैकीं तो नव्हता. १९६८ ते १९७२ या काळांत बी.बी.सी.च्या 'द लिसनर' या साप्ताहिकांत त्यानें तिच्यावर सातत्यानें परीक्षणें लिहिलीं होतीं. प्रस्तुत पुस्तकाचा बराचसा भाग कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत पाहुणा प्राध्यापक असतांना लिहिलेला आहे. इंग्लंडांतील सार्वजनिक प्रक्षेपणावर पोसलेली दृष्टि अमेरिकेंतील व्यापारी प्रक्षेपणास सामोरी गेली, आणि त्या भेटींतून 'प्रवाहा'ची कल्पना जन्मास आली.

तिच्या जन्माची हकीकत विल्यम्सनें स्वतःच सांगितली आहे. आठवडाभराच्या समुद्रप्रवासानंतर तो मायामी येथें उतरला व रात्रीं एक चित्रपट पाहूं लागला. मध्यें मध्यें जाहिराती येत होत्या. इतकेंच नव्हे, तर त्याच वाहिनीवर पुढें लागणाऱ्या दुसऱ्या दोन चित्रपटांचे तुकडेहि येत होते. सॅन फ्रान्सिस्कोंतील गुन्हा, पॅरिसमधील प्रेमप्रकरण, न्यूयॉर्कचा विध्वंस करणारा एक अजस्र प्राणी आणि अंगाचा दुर्गंध घालविणारें द्रव्य, या सर्वांची त्याच्या मनांत अशी कांहीं सरमिसळ झाली कीं आपण नक्की काय पाहिलें हें त्यास सांगतां येईना. दुसरा कोणी असता तर त्यानें अमेरिकनांच्या अभिरुचीस चार शिव्या देऊन विषय संपविला असता. विल्यम्सनें त्या गोंधळांतून प्रश्न काढला : ही सरमिसळ म्हणजे कार्यक्रमांत आलेला अडथळा, कीं हाच मुळीं खरा कार्यक्रम? मग त्यानें १९७३ च्या मार्च महिन्यांतील एका आठवड्याचें पांच वाहिन्यांचें प्रक्षेपण घेऊन त्याचीं कोष्टकें मांडलीं, व सलगता ही अपघाती नसून योजिलेली असते, प्रेक्षक एकदां आला कीं रात्रभर सुटूं नये हा त्या योजनेचा हेतु असतो, हें दाखविलें.

पुस्तकाचा दुसरा आधारस्तंभ म्हणजे मॅक्लुहनच्या मताचें खंडन. यंत्र निघालें आणि समाज बदलला, अशी सोपी समीकरणें विल्यम्सला मान्य नाहींत. यंत्राच्या मागें कोणाचा तरी हेतु असतो, गरज असते, आणि त्या हेतूशीं झगडणारे दुसरे हेतुहि असतात. तेव्हां 'या यंत्रानें काय होईल?' असें न विचारतां 'या यंत्राकडून कोण काय करवून घेऊं पाहतो?' असें विचारावें. हा उपदेश आज, पन्नास वर्षांनंतरहि, मला पुस्तकांतील सर्वांत टिकाऊ भाग वाटतो.

आतां 'प्रवाहा'कडे वळूं. विल्यम्स कॅलिफोर्नियांत आपलीं कोष्टकें मांडीत होता त्याच्या थोडेसेंच आधीं, २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झालें. माझें बालपण गिरगांवांतील एका चाळींत गेलें. आमच्या मजल्यावर दूरचित्रवाणीचा संच एकाच बिऱ्हाडांत होता, आणि सायंकाळीं त्या बिऱ्हाडाच्या दाराशीं चपलांचा ढीग पडे. पुढील आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी 'साप्ताहिकी' आम्ही भक्तिभावानें पाहत असूं. 'आमची माती, आमची माणसं' हा शेतकऱ्यांसाठीं असलेला कार्यक्रमहि तितक्याच निमूटपणें पाहत असूं. मजल्यावर कोणाचीहि एक गुंठा जमीन नव्हती. परंतु संच बंद करण्याची हिंमत कोणास होत नसे, आणि पुढें कांहीं तरी रंजक लागेल ही आशा सुटत नसे. बीं मूठ-मूठ घेऊन शेतभर उधळतात ती फोकणी, आणि हातानें एकेका जागीं एकेक दाणा लावतात ती टोकणी, हे दोन शब्द मीं त्या दाटींत ऐकले. आणि मधूनच प्रक्षेपण तुटून पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी आली कीं खोलींतून एकच सुस्कारा निघे. तोच सुस्कारा त्याच क्षणीं समोरच्या चाळींतूनहि ऐकूं येई.

या आठवणींत रमण्याचा माझा हेतु नाहीं. त्या काळचा मनोरा एकच होता व त्यावरील आवाजहि एकाच मालकाचा, म्हणजे सरकारचा होता; १९७५ ते १९७७ च्या आणीबाणींत त्याचा अर्थ काय होतो हें देशानें अनुभविलें आहे. प्रसारमाध्यमास स्वायत्तता देणारा प्रसार भारतीचा कायदा १९९० सालीं झाला आणि अमलांत यावयास १९९७ साल उजाडलें. तेव्हां जुनें तें सोनें असें म्हणण्यास मला जागा नाहीं. परंतु या अनुभवावरून विल्यम्सच्या विवेचनांतील एक उणीव माझ्या ध्यानांत आली, ती अशी. त्याच्या 'प्रवाहा'ला दोन अंगें आहेत. एक, कोणी तरी योजून लावलेला क्रम. दुसरें, तोच क्रम त्याच क्षणीं सर्वांपुढें असणें. विल्यम्सनें सारें लक्ष पहिल्या अंगावर दिलें. दुसरें त्याच्या काळीं हवेसारखें सर्वत्र होतें, म्हणून त्यास तें निराळें मोजावेंसें वाटलें नाहीं. इंटरनेटनें नेमकीं हीं दोन अंगें एकमेकांपासून वेगळीं केलीं. क्रम गेला नाहीं, समाईकपण गेलें. मोबाइलवर एक भाग संपतो न संपतो तोंच दुसरा आपोआप सुरू होतो, त्यानंतर 'तुमच्यासाठीं' म्हणून तिसरें कांहीं पुढें येतें. मायामीच्या रात्रीचा तो ओघ आजहि अखंड आहे. फक्त तो आतां प्रत्येकाच्या तळहातावर निराळा वाहतो. पूर्वींच्या 'व्यत्यया'च्या जागीं आज पडद्यावर एक चक्र फिरत राहतें, आणि तें पाहून सुटणारा सुस्कारा ज्याचा त्यालाच ऐकूं येतो.

हें असें कां व्हावें, याचें कारण यंत्राच्या रचनेंत आहे, व तें समजून घेतल्यावांचून पुढील टीका पोकळ ठरेल. 'ब्रॉडकास्ट' हा इंग्रजी शब्द मुळांत शेतीचाच. बीं मुठीनें उधळून पेरणें हा त्याचा जुना अर्थ. मराठींत त्यास 'फोकणी' याहून नेमका प्रतिशब्द मला सुचत नाहीं. मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून निघणाऱ्या लहरींस आपल्या टापूंत दहा घरें आहेत कीं दहा लाख, याची गंधवार्ता नसते. दहा लाखांवर आणखी एक घर जोडलें म्हणून पाठविणाराचा खर्च एका पैनें वाढत नाहीं. उलट इंटरनेटवरून चित्र पाठविणें ही टोकणी होय. प्रत्येक प्रेक्षकाकडे त्याची स्वतंत्र प्रत जाते. मार्गावर ठिकठिकाणीं साठे ठेवून भार हलका करितात, पण प्रेक्षक वाढले कीं भार वाढतोच. फोकणींत बरेंच बीं वायां जातें, पांखरें खातात; टोकणींत दाणा वायां जात नाहीं, पण लावणाऱ्या हातास प्रत्येक जागा ठाऊक असावी लागते. फोकणारा तुम्हांस ओळखत नाहीं. टोकणाऱ्यास तुम्हांला ओळखल्यावांचून गत्यंतरच नाहीं.

दोहोंचा संयोग करण्याचे जे प्रयत्न झाले ते या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. जपानमध्यें एका वाहिनीच्या लहरींचे तेरा भाग पाडलेले असतात. त्यांपैकीं बारा घरांतील मोठ्या संचासाठीं ठेवून एक भाग हातांतील फोनसाठीं राखला, व १ एप्रिल २००६ पासून 'वन-सेग' या नांवानें ही सेवा सुरू झाली. येथें मोबाइल आला, पण टोकणी आली नाहीं. फोन हाच एक लहानसा दूरचित्रवाणी-संच झाला. २०११ च्या मार्चमधील प्रचंड भूकंपानंतर मोबाइलचें जाळें गर्दीनें गुदमरलें असतां हीच साधी फोकणी अनेकांच्या उपयोगी पडली. पुढें नव्या तऱ्हेच्या फोनांत तें ग्रहणयंत्र बसविणें मागें पडलें, व सेवेचें महत्त्व ओसरलें. यंत्र नालायक ठरलें म्हणून नव्हे, तर फोन बनविणाऱ्यांस त्यांत लाभ उरला नाहीं म्हणून. विल्यम्सचा प्रश्न येथें अगदीं चपखल बसतो.

युरोपांतील प्रयोग निराळा. जर्मनी व फ्रान्स येथील मंडळींच्या पुढाकारानें २००९ सालीं 'एच.बी.बी. टी.व्ही.' ही पद्धति पुढें आली व २०१० सालीं तिला युरोपीय मानकाचें रूप मिळालें. चित्र मनोऱ्यावरून किंवा उपग्रहावरून येतें. संच इंटरनेटलाहि जोडलेला असतो. प्रेक्षकानें लाल बटण दाबलें कीं जोडीचा मजकूर, चुकलेला भाग, बहिऱ्या प्रेक्षकांसाठीं खुणांच्या भाषेंतील निवेदन असें बरेंच कांहीं इंटरनेटवरून पडद्यावर येऊं शकतें. हा लाभ खरा आहे व तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु विल्यम्सनें आपल्या शेवटच्या प्रकरणांत आधींच एक भेद करून ठेविला आहे : दिलेल्या चार पर्यायांतून एक निवडणें ही नुसती प्रतिक्रिया होय, संवाद त्याहून वेगळा. लाल बटण बहुतांशीं पहिल्या वर्गांत पडतें. आणि त्याहि पलीकडे एक गोष्ट आहे, जी विल्यम्सला दिसणें शक्य नव्हतें. डार्मस्टाट येथील तंत्र-विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, बटण दाबण्याच्या आधींच, नुसती वाहिनी लावतांच, कित्येक वाहिन्यांकडे प्रेक्षकाच्या संचाची खबर जात होती. म्हणजे वरून पडत होती ती फोकणी, आणि खालून चालली होती ती टोकणाऱ्याची मोजदाद. जोडीच्या तारेनें मनोऱ्याला डोळे दिले.

इंग्लंडांत आज हीच जोड निराळ्या अंगानें पुढें आली आहे. बी.बी.सी., आय.टी.व्ही., चॅनल फोर व चॅनल फाइव्ह यांच्या मालकीच्या संस्थेनें ३० एप्रिल २०२४ रोजीं 'फ्रीली' ही सेवा सुरू केली. तींत त्याच जुन्या वाहिन्या अँटेनाप्रमाणेंच इंटरनेटवरूनहि थेट दिसतात, आणि चित्र कोठून आलें याची प्रेक्षकानें फिकीर करण्याचें कारण राहत नाहीं. सोय उत्तम. पण त्या देशांतील मनोऱ्यांवरील प्रक्षेपणाचे परवाने २०३४ पर्यंतचे आहेत, आणि पुढें मनोरे ठेवावेत कीं बंद करावेत हा वाद तेथें उभा राहिला तेव्हां ही सोयच एका पक्षाचें प्रमाण बनली. सर्व कांहीं तारेनें येऊं शकतें, मग मनोरा हवा कशाला? उत्तर असें कीं, ज्या वृद्धांच्या, गरिबांच्या किंवा दूरच्या घरांत तार नाहीं, त्यांच्यासाठीं हवा. आणि ज्यांच्या घरांत आहे, त्यांनाहि न मोजलें जातां पाहण्याचा हक्क राहावा म्हणून हवा.

आपल्याकडे मनोऱ्यांचा निकाल बहुतांशीं आधींच लागला आहे. दूरदर्शनचीं जुन्या पद्धतीचीं जमिनीवरील प्रक्षेपण-केंद्रें मोजकीं ठिकाणें सोडून २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत बंद करण्यांत आलीं. मासिक वर्गणीवांचून चालणारी 'डी.डी. फ्री डिश' ही उपग्रहावरील फोकणी २००४ पासून आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें गोव्यांतील चित्रपट-महोत्सवांत प्रसार भारतीनें 'वेव्ह्ज' या नांवाची टोकणीहि सुरू केली. या दोहोंच्या मधोमध उभा आहे तो 'डायरेक्ट टू मोबाइल' हा प्रयोग : मोबाइलमध्यें एक ग्रहणयंत्र बसवावें, व मनोऱ्यावरील प्रक्षेपण इंटरनेटवांचून सरळ हातांतील फोनवर घ्यावें. कानपूरची आय.आय.टी. व बेंगळुरूची सांख्य लॅब्ज यांचे श्रम त्यामागें आहेत. २०२३ च्या सुमारास बेंगळुरू व दिल्ली परिसरांत चांचण्या झाल्या. दूरसंचार कंपन्यांनीं व कांहीं फोन-उत्पादकांनीं त्यावर आक्षेप घेतले. जपानचा इतिहास ज्यानें वाचला आहे त्याला याचें नवल वाटूं नये.

या प्रयोगाची गरज कोणती, हें १९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्रीं दिसलें. क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना एकाच इंटरनेट-सेवेवर एका क्षणीं ५ कोटि ९० लक्ष प्रेक्षक पाहत होते. तेवढ्या दाण्यांची टोकणी एका क्षणांत करणें हा यंत्रविद्येचा पराक्रम खरा. परंतु सर्वांस एकच दाणा द्यावयाचा असतां टोकणी कशाला, असा प्रश्न कोणाहि शेतकऱ्याला सुचेल. त्या दिवशीं मी फोनवर सामना पाहत होतों, शेजारच्या इमारतींत छत्रीच्या अँटेनावर. बळी गेल्याचा आक्रोश मला खिडकींतून आधीं ऐकूं येई, आणि मग माझ्या फोनवरचा गोलंदाज धांव घेऊं लागे! लोकांच्या दुःखांत सामील होण्यास मला दर वेळीं थोडा उशीर होत होता.

विल्यम्सनें आधुनिक जीवनाचें एक लक्षण सांगितलें आहे : माणूस एकीकडे अधिक फिरता झाला, दुसरीकडे अधिक घरकोंबडा, आणि प्रक्षेपणानें या दोहोंचा मेळ घालून बाहेरचें जग घरांत आणलें. त्याला त्यानें जें नांव दिलें तें मराठींत 'फिरतें खासगीपण' असें करतां येईल. मोबाइलनें त्यापुढची पायरी गांठली. आतां घरहि वगळलें गेलें. एकाच दिवाणखान्यांत चार माणसें चार निरनिराळ्या जगांत बसतात. म्हणून पुस्तकाविषयीं माझा अभिप्राय असा : 'प्रवाह' ही संज्ञा टाकून देण्याचें कारण नाहीं, परंतु तिचीं दोन अंगें वेगळीं करून शिकविलीं पाहिजेत. क्रमाविषयीं विल्यम्सनें दिलेला इशारा आज पूर्वींहून अधिक खरा आहे. समाईकपणाविषयीं त्यानें मौन पाळलें, तें आपण भरून काढलें पाहिजे. आणि प्रक्षेपण व जाळें यांच्या प्रत्येक नव्या सांगडीला एकच कसोटी लावावी : जें सर्वांचें आहे तें, कोणासहि न ओळखतां, सर्वांवर पडूं देण्याची शक्ति तींत शिल्लक आहे काय? असेल तर टोकणीनें तिला खुशाल जोड द्यावी. चुकलेला भाग, बहिऱ्यांसाठीं खुणा, परदेशांतल्या मराठी घरीं मराठी नाटक, हीं सर्व टोकणीचींच फळें आहेत. नसेल तर संयोग हें नुसतें नांव. प्रत्यक्षांत तो एकानें दुसऱ्यास गिळणें होय.

राहतां राहिला त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. नको असलेला कार्यक्रम आम्ही पाहत कां बसत होतों? वर्गांत मीं 'दुसरें कांहीं नव्हतें म्हणून' असें उत्तर दिलें. तें खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. नको असलेलें तूंहि पाहतेस. फरक इतकाच कीं, तुझ्यापुढें येतें तें तुला ओळखून येतें, आमच्यापुढें येई तें आम्हांला न ओळखतां. ज्याला एक गुंठा जमीन नाहीं अशा गिरगांवांतील पोराला फोकणी व टोकणी यांतील भेद सांगावा, असें त्याला ओळखणाऱ्या कोणासहि कधीं सुचलें नसतें. पुढच्या तासाला मी तिला हेंच सांगणार आहें.